शार्लटचे जाळे : ग्रंथातले आणि पडद्यावरचे

बालसाहित्यातील एका श्रेष्ठ कादंबरीचा आरंभ कुऱ्हाडीने होतो. सकाळची वेळ आहे, न्याहारीची पाने मांडली जात आहेत आणि आठ वर्षांची मुलगी आईला विचारते, की बाबा हातात कुऱ्हाड घेऊन कोठे निघाले आहेत. रात्री डुकरिणीला पिल्ले झाली. त्यांतील एक अगदीच लहान व अशक्त आहे, ते जगून उपयोगी पडणार नाही, म्हणून बाबा त्याचा निकाल लावावयास निघाले आहेत. मुलगी ओल्या गवतातून धावत सुटते आणि बापाच्या हातातील कुऱ्हाडीला लोंबकळते. ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाच्या 'शार्लट्स वेब' या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे हे पहिले पान आहे. तिच्यावर दोन मोठे चित्रपट निघाले. १९७३ चा पहिला हॅना-बार्बेरा या संस्थेने काढलेला रेखाचित्रांचा व गाण्यांचा, आणि २००६ चा दुसरा गॅरी विनिक यांनी दिग्दर्शित केलेला, खऱ्या प्राण्यांचा व संगणकाच्या करामतीचा.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांमुळे हे पुस्तक आपल्या घरांत आले आहे, आणि चित्रपट तर मुले मोबाइलवरच पाहतात. तेव्हा हे मुलांच्या हाती द्यावे काय, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत उठणे स्वाभाविक आहे. नायक डुकराचे पिल्लू, त्याच्या डोक्यावर नाताळच्या कत्तलीची टांगती तलवार, आणि त्याची मैत्रीण माश्यांचे रक्त पिणारी कोळ्याची मादी! पुष्कळ पालक म्हणतात, पुस्तक राहू द्या, चित्रपट दाखवा. तो सौम्य आहे. माझे मत याच्या उलट आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

व्हाइट हे 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाचे नामांकित निबंधकार होते आणि मेन राज्यात समुद्रकाठी त्यांची शेतवाडी होती. तेथे ते दरवर्षी वसंतात डुकराचे पिल्लू विकत घेत, उन्हाळाभर त्याला खाऊपिऊ घालून पोसत आणि थंडी पडली की ते मारले जाई. तिकडच्या शेतकऱ्याच्या घरी ही इतकी सामान्य गोष्ट होती, की तिच्याविषयी कोणी बोलतही नसे. १९४७ च्या शरदात त्यांचे असेच एक डुक्कर आजारी पडले. ज्याला काही आठवड्यांनी मारावयाचेच होते, त्याच्या उशाशी हा गृहस्थ अहोरात्र बसला, त्याला औषध पाजले, पशुवैद्य बोलावला. तरी ते मेले. त्यावर १९४८ च्या आरंभी त्यांनी 'द अटलांटिक' मासिकात एक निबंध लिहिला. मारावयाच्या प्राण्याला वाचवण्याची आपण एवढी धडपड का केली, या विसंगतीने त्यांना पछाडले होते. ज्यांच्या हातचे खाऊन प्राणी वाढतो, त्यांच्याच हातून तो मरतो, ही गोष्ट प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या शेतकऱ्याला जाचते, असे त्यांनी पुढे लिहिलेही आहे. कथेत तरी एक डुक्कर वाचवावे, अशी त्यांची इच्छा होती. ते शाकाहारी झाले नाहीत, हेही येथेच सांगितले पाहिजे. या पुस्तकाला जीवदयेची पोथी ठरवण्याचा मोह आपल्याला होईल, म्हणून हा खुलासा.

कोळ्याचे तसेच. गोठ्यातील एका कोळ्याच्या मादीचे काम ते पाहत असत. तिने घातलेली अंड्यांची थैली त्यांनी पात्याने अलगद सोडवली, मिठाईच्या खोक्यात घालून न्यूयॉर्कला नेली आणि आपल्या खोलीतील कपाटावर ठेवली. काही आठवड्यांनी खोक्याच्या छिद्रांतून बारीक पिल्ले बाहेर पडली आणि त्यांनी कंगवा, आरसा यांच्यामध्ये धागे ओढून ठेवले. लिहिण्यापूर्वी त्यांनी कोळ्यांवरील शास्त्रीय ग्रंथ वाचले, तज्ज्ञाला विचारले. पुस्तकातील शार्लटचे आडनाव 'ए. कॅव्हॅटिका' हे त्या जातीच्या शास्त्रीय नावावरूनच घेतले आहे. या काळजीमुळे पुस्तकात एक गोष्ट घडते : प्राणी बोलतात, पण खोटे वागत नाहीत. कोळी कोळ्यासारखा राहतो, उंदीर उंदरासारखा.

पहिल्याच प्रकरणात याचा प्रत्यय येतो. फर्न ही ती मुलगी. बापाशी ती असा वाद घालते : पिल्लू लहान जन्मले हा त्याचा दोष काय? मी लहान जन्मले असते, तर मलाही मारले असते काय? बाप निरुत्तर होतो आणि पिल्लू तिच्या स्वाधीन करतो. येथवर सारे मंगल आहे. परंतु व्हाइट एक लहानसा तपशील घालून ठेवतात. फर्न डोळे पुसत स्वयंपाकघरात परत येते, तेव्हा तेथे कॉफीच्या वासाबरोबर तळलेल्या डुकराच्या मांसाचा वास दरवळत असतो. त्यावर लेखक एक अक्षरही बोलत नाही. फर्नही बोलत नाही. एक जीव खोक्यात वाचला आहे आणि दुसरा तव्यावर आहे. पडद्यावर वास दाखवता येत नाही, हे खरे. परंतु या एका ओळीतली अस्वस्थता दोन्ही चित्रपटांना पेलली नाही, असे मला वाटते. आपल्या घरातील मूल मात्र तेथे नेमके थांबेल आणि विचारील. ते विचारणे पुस्तकाच्या बाजूचे आहे.

पिल्लाचे नाव विल्बर. ते पाच आठवड्यांचे झाल्यावर फर्नच्या मामाला, होमर झुकरमनला, सहा डॉलरला विकले जाते. मामाच्या गोठ्यात हंस आहेत, मेंढ्या आहेत, टेंपलटन नावाचा उंदीर आहे. पण विल्बरशी मैत्री करण्यास कोणाला सवड नाही. एका रात्री अंधारातून आवाज येतो, की मी तुझी मैत्रीण होईन. सकाळी कळते, की ही मैत्रीण दाराच्या चौकटीवर जाळे विणून बसलेली आहे आणि ती माश्यांचे रक्त पिते. विल्बरला शिसारी येते. शार्लट लपवत नाही. ती सांगते, की आम्ही जन्मतःच असे आहोत. तुला बादलीतून आयते अन्न मिळते, मला कोणी आणून देत नाही. शिवाय पकडलेल्या किड्याला वेदना होऊ नयेत म्हणून मी आधी त्याला भूल देते. आपल्या शास्त्रगणनेत माशी व कोळी हे दोन्ही चतुरिंद्रिय जीव, डुक्कर पंचेंद्रिय. लहान मूल या प्रसंगी आजीला विचारील, की कोळ्याला पाप लागते काय? आजीने उत्तर शोधावे. व्हाइट यांनी प्रश्न सोपा केलेला नाही, आणि शार्लटला सात्त्विक करण्यासाठी तिला फुलांतील मध पाजला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. चित्रपटकारांनीही हा संवाद गाळला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आता ज्या भागासाठी हे पुस्तक व्यापारी घराण्यांनी विशेष वाचावे, त्याकडे वळतो.

म्हातारी मेंढी एके दिवशी विल्बरला सांगून टाकते, की नाताळ आला की तुझा शेवट. विल्बर आक्रोश करतो. शार्लट म्हणते, मी तुला वाचवीन. कसे, हे तिलाही ठाऊक नसते. ती दिवसेंदिवस जाळ्यात उलटी लटकून विचार करते आणि अखेर तिला युक्ती सुचते, ती अशी : किड्याला फसवता येते, तर माणसाला फसवणे अवघड नाही, माणसे किड्यांइतकी हुशार नसतात. एका धुक्याच्या सकाळी झुकरमनचा गडी पाहतो, तर दवाने चमकणाऱ्या जाळ्याच्या मध्यभागी अक्षरे विणलेली आहेत. त्यांचा अर्थ थोडक्यात असा, की हे डुक्कर काही औरच आहे.

झाले! मालक हादरतो, धर्मोपदेशक प्रवचन करतो, चारी बाजूंनी मोटारी व गाड्या लोटतात. सगळे पाहतात डुकराकडे. अक्षरे लिहिली कोळ्याने आणि कौतुक डुकराचे! झुकरमनची बायको एडिथ एकदाच म्हणते, की मला तर वाटते आपला कोळी साधा नाही. नवरा तिचे बोलणे उडवून लावतो. डुक्कर सामान्य नाही असे स्वच्छ लिहिले असताना कोळ्याकडे कशाला पाहावयाचे? पाटीवर जे लिहिले, त्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते. पाटी रंगवणाऱ्याला कोणी विचारत नाही. दुकानावर बसणाऱ्या कोणत्याही माणसाला हे पान वाचून हसू येईल.

व्हाइट यांनी तरुणपणी काही काळ जाहिरात संस्थेत नोकरी केली होती. त्या अनुभवाची चुणूक पुढच्या प्रकरणांत दिसते. पहिल्या जाहिरातीचा परिणाम ओसरू लागतो, तेव्हा शार्लट गोठ्यातील सर्वांची सभा बोलावते : नवे शब्द सुचवा. शब्द आणण्याचे काम उंदराकडे येते. उकिरड्यावर टाकलेल्या मासिकांच्या जाहिरातींतून त्याने कपटे आणावयाचे आणि शार्लटने त्यांवरून अक्षरे उतरवून घ्यावयाची. टेंपलटन आधी साफ नकार देतो. डुक्कर मेले काय, राहिले काय, माझे काय जाते? म्हातारी मेंढी त्याला हिशेब समजावते. डुक्कर मेले, की त्याची डोणी रिकामी. डोणी रिकामी, की तुझे पोट रिकामे. उंदीर तत्क्षणी कामाला लागतो. तो एक कपटा आणतो, त्यावर 'कुरकुरीत' असा शब्द असतो. शार्लट तो तत्काळ नाकारते. असा शब्द वाचून मालकाला भलतेच पदार्थ आठवतील! दुसरा कपटा नव्या सदऱ्याचा, त्यावर लिहिलेले, की धुतल्यावर आटणार नाही. तोही निरुपयोगी. शेवटी साबणचुऱ्याच्या पुड्यावरचा 'तेजस्वी' हा शब्द पसंत पडतो. जाळ्यात विणण्यापूर्वी शार्लट विल्बरला धावावयास, उड्या मारावयास, कोलांटी घ्यावयास लावते. मालात तो गुण थोडातरी आहे की नाही, हे ती पाहून घेते. अंगावर गवत, केस विस्कटलेले, अशा त्या डुकराकडे पाहून ती म्हणते, की फारसा तेजस्वी नाही, पण चालेल.

टेंपलटनचे पात्र मला अतिशय आवडते. तो एकही काम मोबदल्याविना करत नाही. त्याला दया नाही, स्नेह नाही, लाजही नाही. परंतु ठरलेले काम तो करतो. जत्रेत विल्बर भोवळ येऊन पडला, तेव्हा त्याच्या शेपटीचा चावा घेऊन त्याला शुद्धीवर आणणारा टेंपलटनच, आणि शार्लटची अंड्यांची थैली छतावरून सोडवून आणणाराही तोच. मात्र थैलीसाठी त्याने करार करून घेतला : यापुढे डोणीतले अन्न आधी मी पोटभर खाणार, मग तू. विल्बरने तो शब्द पाळला आणि उंदीर खाऊन खाऊन फुगला. दलालाशिवाय बाजार चालत नाही, हे मुलांना इतक्या खेळकरपणे दुसऱ्या कोणी सांगितले असेल, असे वाटत नाही. चित्रपटांनीही टेंपलटनला न्याय दिला आहे. पहिल्यात पॉल लिंड आणि दुसऱ्यात स्टीव्ह बुशेमी यांचा आवाज आहे. दोन्ही आवाज ऐकण्यासारखे आहेत. पहिल्या चित्रपटात जत्रेच्या रात्री उष्ट्यामाष्ट्याच्या ढिगाऱ्यात लोळत तो जे गाणे म्हणतो, त्याला तर तोड नाही.

शार्लट जे करते ते सत्य आहे काय? विल्बर स्वतःच कुरकुर करतो, की मी काही एवढा विलक्षण नाही. ती म्हणते, माझ्या लेखी तू आहेस आणि तेवढे पुरे आहे. येथे नयवाद आठवून कोणी तिला निर्दोष सोडील. पण तीच एकदा असेही सांगते, की छापलेले दिसले की माणसे जवळजवळ कशावरही विश्वास ठेवतात. तिला आपण काय करत आहोत याची पूर्ण जाणीव आहे. तिने अतिशयोक्ती केली आणि ती एका जिवाला वाचवण्यासाठी केली. असा प्रसंग आपल्या कथासाहित्यातही आहे : हरिण कोणत्या वाटेने गेले, असे शिकारी विचारतो, तेव्हा सत्यव्रत घेतलेल्याने काय करावे? तिकडे बहुधा मौन सुचवलेले असते. शार्लटने मौन धरले असते तर नाताळला गोठ्यातील एक कोपरा रिकामा झाला असता.

तथापि माझा खरा अडसर निराळाच आहे, आणि तो पुस्तकालाही लागू आहे. पहिल्या प्रकरणात फर्नने पिल्लू वाचवले, ते एका तत्त्वावर : अशक्त असणे हा मरणाचा अपराध नव्हे. त्या पिल्लात काही गुण आहे, असे ती म्हणाली नाही. उलट त्यात काहीच गुण नव्हता, आणि म्हणूनच तिचे म्हणणे निर्मळ होते. पुढे विल्बर वाचतो, तो मात्र 'विशेष' ठरल्यामुळे. मालकाच्या मनात दया उपजत नाही. त्याच्या वाडीचे नाव झाले, लोक दुरून पाहावयास येतात, मेळ्यात खास पारितोषिक म्हणून २५ डॉलर व पदक मिळाले, म्हणून डुक्कर वाचते. ज्या डुकरांच्या दारावर कोणी जाळे विणले नाही, त्यांचे काय? मेळ्यात शेजारच्या खुराड्यात 'अंकल' नावाचे प्रचंड डुक्कर आहे. वजनाच्या जोरावर त्याने निळी फीत, म्हणजे पहिला क्रमांक पटकावला आहे. त्याचे पुढे काय झाले, हे पुस्तक सांगत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही; वजनाला बक्षीस कशासाठी असते हे सर्वांना ठाऊक आहे. पांजरपोळात जनावर दाखल करून घेताना त्याच्या अंगी काय गुण आहे, असे कोणी विचारत नाही. लंगडे, आंधळे, दूध आटलेले, तेच आधी घेतात. त्या दृष्टीने पाहिले, तर फर्नची पहिली सकाळ शार्लटच्या चारी शब्दांहून उंच आहे.

व्हाइट यांना हे कळत नव्हते, असे मात्र मी म्हणणार नाही. मळणीच्या हंगामाखाली झाकलेले शेतवाडीचे कठोर गणित त्यांनी कोठेच नाकारले नाही. शार्लटने सगळी डुकरे वाचवली नाहीत. तिने मित्र वाचवला. आणि शेवटचा शब्द निवडताना लेखकाने, मला वाटते, थोडे हिशेब चुकतेही केले. तो शब्द 'विनम्र' असा आहे. मूळ इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील मातीवाचक शब्दात आहे. त्यामुळे शार्लट म्हणते त्याप्रमाणे त्याचे दोन अर्थ होतात : गर्व नसलेला, आणि जमिनीला लागून असलेला. आपल्या 'नम्र' शब्दातही वाकणे आहेच. विल्बरला हा एकच शब्द ओढूनताणून लावावा लागत नाही.

या सगळ्याचे १९७३ च्या चित्रपटाने काय केले? त्याने गाणी घातली. 'मेरी पॉपिन्स'ला संगीत देणाऱ्या शर्मन बंधूंनी ती रचली, डेबी रेनल्ड्स यांनी शार्लटला आवाज दिला, आणि जेफ्री नावाचे हंसाचे एक खुजे पिल्लू नव्याने जन्माला घातले, कारण डुकराबरोबर आणखी एक गोंडस पिल्लू असले तर प्रेक्षक खूश होतात. व्हाइट खूश झाले नाहीत. कथा दर काही मिनिटांनी थांबते आणि कोणीतरी आनंदी गाणे म्हणू लागते, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार रास्त आहे. विल्बरच्या मनात मृत्यूचे भय दाटलेले असताना त्याला धीर देण्यासाठी गाणे येते आणि भय निघून जाते. पुस्तकात ते भय कित्येक पाने त्याच्याबरोबर झोपते व उठते. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याला सलग भय सोसत नाही. गाणे ही त्याची विश्रांती असते. शिवाय झुकरमनच्या प्रसिद्ध डुकरावरील समूहगीत जाहिरातीच्या धाटणीचे आहे, ते ऐकताना व्हाइटच्या मनातील थट्टा, कदाचित नकळत, पडद्यावर उतरली आहे.

२००६ चा चित्रपट दिसावयास अधिक देखणा आहे. ऑस्ट्रेलियात चित्रित केलेली हिरवी कुरणे, डकोटा फॅनिंगने केलेली फर्न, ज्युलिया रॉबर्ट्स यांचा शांत आवाज. डुकराची पिल्ले भराभर वाढतात, म्हणून विल्बरच्या भूमिकेसाठी अनेक पिल्ले वापरावी लागली. विल्बरचे ओठ संगणकाने हलवले. शार्लट व टेंपलटन तर पूर्णपणे संगणकाने घडवलेले. दोन कावळे नव्याने आणले आहेत, आणि त्यांची नावे एल्विन व ब्रूक्स अशी ठेवली आहेत. ही व्हाइट यांचीच पहिली दोन नावे. लेखकाला केलेला हा नमस्कार मला गमतीचा वाटला. कावळ्यांचा विनोद मात्र पोरकट आहे. या चित्रपटाचा खरा गुण असा, की त्याने कोळ्याला सुंदर करण्याचा प्रयत्न केला नाही. आठ पाय, अनेक डोळे, केसाळ अंग. मूल आधी दचकते आणि अर्ध्या तासाने तिच्यासाठी रडते. त्यानंतर घरातील जाळे झटकताना त्याचा हात क्षणभर थबकला, तर चित्रपटाने आपले काम केले.

दोन्ही चित्रपटांना जमले नाही ते फर्नचे मोठे होणे. पुस्तकाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. व्हाइट यांनी पहिला खर्डा लिहिला, तेव्हा त्यात फर्नला असे स्थानच नव्हते. त्यांनी हस्तलिखित सुमारे वर्षभर बाजूला ठेवले आणि मग ही मुलगी आणून तिच्यापासून आरंभ केला. रोज गोठ्यात तिवईवर बसून ती प्राण्यांचे बोलणे ऐकते. आई घाबरून वैद्य डोरियन यांच्याकडे जाते. ते वृद्ध गृहस्थ म्हणतात, की कोळ्याने अक्षरे लिहिली हा चमत्कार म्हणता, पण त्याला मुळात जाळे विणावयास कोणी शिकवले? तो चमत्कार कोणाला दिसत नाही. मुलगी मोठी होईल, तिला मित्र मिळतील, काळजी करू नका. आणि तसेच होते. मेळ्यात विल्बरचा भाग्योदय होत असतो, त्या क्षणी फर्नचे लक्ष आकाशपाळण्याकडे असते. हेन्री नावाच्या मुलाबरोबर तिला त्यात बसावयाचे असते. जिने कुऱ्हाड अडवली, तीच निकालाच्या वेळी तेथे नसते. पुढे ती गोठ्यात फारशी येत नाही. व्हाइट तिला दोष देत नाहीत. चित्रपटांना नायिका अशी हातची सोडणे परवडत नाही. विशेषतः दुसरा चित्रपट तिला कथेत अधिक धरून ठेवतो. त्यामुळे प्रेक्षकाला बरे वाटते, परंतु ज्या घरात मुले एकेक करून शिक्षणासाठी बाहेर पडत आहेत, त्या घरातील आईवडिलांना पुस्तकातला रिकामा तिवईचा कोपरा जास्त ओळखीचा वाटेल.

राहिले शार्लटचे मरण. शरदात अंडी घातली की त्या जातीच्या कोळ्याचे आयुष्य संपते, हा निसर्गनियम. व्हाइट यांनी त्यात फेरफार केला नाही. ५१४ अंड्यांची थैली तिने जत्रेच्या मांडवात विणली आणि तेथून परतण्याचे बळ तिच्यात उरले नाही. विल्बरला गाडीत घालून नेतात. तोंडात थैली धरलेली असल्याने त्याला निरोपाचा शब्द बोलता येत नाही; तो फक्त डोळा मिचकावतो. दुसऱ्या दिवशी जत्रा उठते, मांडव उतरतात, मैदानात बाटल्या व केरकचरा पडलेला असतो, आणि तेथे ती मरते. तिच्याजवळ कोणीही नसते. हे लेखक साध्या वाक्यात सांगतो आणि प्रकरण संपवतो. पडद्यावर या ठिकाणी संगीत आल्याशिवाय राहत नाही. पुस्तकात नुसते ओसाड मैदान आहे. व्हाइट यांनी १९७० साली हे पुस्तक स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले, तेव्हा या वाक्याशी त्यांचा कंठ दाटून येई आणि पुन्हा आरंभ करावा लागे; असे सतरा वेळा घडले, असे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने सांगून ठेवले आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस, स्वतःच लिहिलेला, स्वतःच कल्पिलेला कोळी!

आठ वर्षांवरील मुलांसाठी आधी पुस्तक, मग २००६ चा चित्रपट, असा क्रम मी सुचवीन. त्याहून लहानांना १९७३ चा दाखवावा आणि पुस्तक दोन वर्षांनी द्यावे. पुस्तकात बावीस लहान प्रकरणे आहेत. रोज रात्री एक, असे वाचले तर तीन आठवड्यांत होते, आणि गार्थ विल्यम्स यांची रेखाटने दाखवत वाचले तर मूल जागे राहते. इंग्रजी सोपे आहे. आजीआजोबांसाठी वाचता वाचता मराठीत सांगत जावे, काही अडत नाही. फक्त एक पथ्य पाळावे. शार्लट एकविसाव्या प्रकरणाच्या शेवटी जाते, आणि बाविसाव्यात उबदार वारा सुटून थैलीतून पिल्ले बाहेर पडतात. बहुतेक धाग्यांवर तरंगत दूर जातात, तिघीजणी मात्र विल्बरच्या दारातच राहतात. ही दोन प्रकरणे एकाच रात्री वाचावीत. मधे दिवा मालवला तर मूल झोपणार नाही.